फ्रिज गार, गाडी ठार!

लांबच्या रोड ट्रिपला गाडीत फ्रिज असला की ऐश असते. पण तो कुणाच्या जिवावर चालतोय याकडे लक्ष नसेल, तर सकाळी सेल्फ मारल्यावर नुसतं 'टक' वाजतं. आणि आजूबाजूला शंभर किलोमीटर कुणीही नसतं!

जरा ऑस्ट्रेलियाचा नकाशा उघडा. दक्षिणेला नॉर्समन आणि सेडुना ही दोन गावं शोधा. त्यांच्यातलं अंतर साधारण १,२०० किलोमीटर. मुंबई ते बंगळुरूपेक्षाही जास्त! मधे नलारबोरचं उजाड माळरान आणि अधूनमधून पेट्रोल, जेवण मिळणारं एखादं रोडहाऊस. रस्त्याचा एक तुकडा तर सुमारे १४६ किलोमीटर सरळसोट, एकही वळण नाही. आणि हा झाला डांबरी रस्ता. विलुना ते हॉल्स क्रीक ही वाळवंटातली कॅनिंग स्टॉक रूट सुमारे १,८५० किलोमीटरची. तिथे डांबरही नाही आणि मोबाइलला रेंजही नाही.

अशा ठिकाणी फिरणारे लोक फोर बाय फोर गाडीच्या डिकीत कॉम्प्रेसरवाला फ्रिज बसवतात. त्यात दूध, मांस, भाजी असते आणि कधी कुणाचं इन्शुलिनही. शिकायला पर्थ, मेलबर्नला गेलेली आपल्याकडची पोरंही सुट्टीत मिळून अशा ट्रिपा काढतात. निघताना टायर बघतात, पाणी भरतात, डिझेलचा हिशेब करतात. बॅटरीचा हिशेब मात्र बऱ्याचदा राहून जातो.

एकीचं काम दुसरीला जमत नाही

गाडीची नेहमीची बॅटरी ही पळापळीतली खेळाडू. सेल्फ मारला की क्षणभर शेकडो ॲम्पिअरचा झटका द्यायचा आणि मग इंजिनाकडून परत भरून घ्यायचं, एवढंच तिचं काम. रात्रभर हळूहळू करंट देत बसणं हा तिचा पिंड नाही. त्यासाठी डीप सायकल प्रकारची दुसरी बॅटरी लावतात. फ्रिज, दिवे, मोबाइल चार्जिंग सगळं तिच्यावर. दोघींच्या मधे आयसोलेटर किंवा डीसी-डीसी चार्जर असतो. गाडी चालू असताना दोन्ही भरतात आणि बंद झाली की वेगळ्या होतात. फ्रिजने दुसरी बॅटरी पार रिकामी केली, तरी गाडी सुरू करणारी शाबूत राहते.

पण आयसोलेटरच बिघडला तर? दोन्ही एकदम उतरतात. म्हणून दोन्ही बॅटऱ्यांचा आकडा वेगवेगळा दिसायला हवा. एकच मीटर असेल तर अर्धीच गोष्ट कळते. आणि गाडी ऑटोमॅटिक असेल तर धक्का स्टार्टचाही उपाय नाही.

साधा हिशेब

४०-५० लिटरचा फ्रिज कॉम्प्रेसर चालू असताना साधारण ३ ते ५ ॲम्पिअर घेतो. तो सतत चालत नाही, पण उन्हाळ्यात दिवसाला ३०-४० ॲम्पिअर-तास सहज खातो. आता १०० ॲम्पिअर-तासांची लेड-ॲसिड बॅटरी घ्या. ती वारंवार निम्म्याखाली उतरवली तर तिचं आयुष्य झपाट्याने घटतं. म्हणजे वापरायला मिळाले ५०. कॅम्पवर गाडी एका जागी उभी राहिली, तर खेळ जेमतेम दीड दिवसाचा!

व्होल्टच्या थापा

'मीटर लावलाय की, १२ च्या वर दाखवतोय' म्हणून निर्धास्त राहू नका. लेड-ॲसिड बॅटरी फुल भरलेली असताना साधारण १२.७ व्होल्ट दाखवते आणि निम्मी झाल्यावर १२.२. फरक फक्त अर्ध्या व्होल्टचा! तोही खरा कधी? बॅटरी काही तास निवांत असेल तेव्हा. इंजिन चालू असताना आकडा १४ च्या आसपास जातो, तो चार्जिंगचा. इंजिन नुकतं बंद केलं असेल तर तो काही वेळ फुगलेलाच राहतो. फ्रिजचा कॉम्प्रेसर सुरू झाला की पडतो. म्हणून रात्री झोपताना आणि सकाळी सेल्फ मारण्याआधी आकडा लिहून ठेवायचा. एका आकड्यापेक्षा रोजची घसरण जास्त खरं बोलते.

लिथियम बॅटरीत तर व्होल्टवर भरवसाच नको. बराच काळ ती १३.२ च्या आसपास हलतच नाही आणि शेवटी धपकन कोसळते. तिथे शंट लावलेला मॉनिटर हवा. तो बँकेच्या पासबुकासारखा जमा, खर्च आणि शिल्लक दाखवतो.

एक गंमत अशीही होते, की बॅटरी भरलेली आणि फ्रिज बंद! कारण असते वायर. डिकीपर्यंत ५ मीटर बारीक, दीड चौरस मिलिमीटरची वायर टाकली, तर ५ ॲम्पिअरला जाऊन-येऊन सुमारे ०.६ व्होल्ट वाटेतच गळतात. बॅटरीवर १२.२, फ्रिजला मिळतात ११.६. बॅटरी वाचवण्यासाठी फ्रिजमध्ये कट-ऑफ असतो. त्याला वाटतं बॅटरी संपली, तो झोपतो. आपण मात्र पुढच्या सीटवर गाणी ऐकत असतो.

आतला पारा

म्हणून तिसरा आकडा फ्रिजच्या आतला. खाणं ५ अंश सेल्सिअसच्या खाली हवं. न उघडलेलं इन्शुलिन २ ते ८ अंशांत ठेवायचं. ते गोठलं तर फेकूनच द्यावं लागतं, त्यामुळे जास्त थंड होणंही तितकंच वाईट. फ्रिजच्या थंड भिंतीला सेन्सर चिकटवू नका. तिथला आकडा उगाच कमी दिसतो. झाकण उघडलं की हवेचा पारा लगेच चढतो, पण खाणं तेवढ्यात गरम होत नसतं. त्यामुळे सेन्सर पाण्याच्या छोट्या बाटलीत ठेवावा. मग तो खाण्याचं तापमान सांगतो आणि अलार्म विनाकारण बोंबलत नाही.

आकडा वेळेवर दिसला तर उपाय साधे असतात. फ्रिज सावलीत घ्या, फ्रीझर मोड बंद करा, सोलर पॅनल उलगडा, नाहीतर दोन तास गाडी चालवा. नुसतं जागेवर अर्धा तास इंजिन चालू ठेवून फारसं काही भरत नाही.

करून बघायचंय?

• ईएसपी३२ बोर्ड, दोन डीएस१८बी२० तापमान सेन्सर आणि छोटा डिस्प्ले एवढ्यावर सुरुवात होते. मिनी प्रोजेक्टसाठी झकास विषय!
• बोर्डाची पिन ३.३ व्होल्टची. बॅटरी थेट जोडली तर बोर्ड गेलाच. १०० किलोओहम आणि २२ किलोओहमचा व्होल्टेज डिव्हायडर वापरा. १५ व्होल्टचे २.७ होतात.
• आकडे मल्टिमीटरशी ताडून बघा.
• फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ लावा.
• वाय-फाय सतत चालू राहिलं तर मॉनिटरच दिवसाला दोन-अडीच ॲम्पिअर-तास खाईल. त्याला मधे मधे झोपवा.
• रेंज नसेल तिथे मोबाइलवर मेसेज येणार नाही. बझर हवाच.

महाराष्ट्रातही २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आलं आणि व्हॅनमध्ये गादी-गॅस टाकून फिरणारे ग्रुप दिसू लागलेत. आपल्याकडे पुढचं गाव जवळ असतं, जंप केबल घेऊन कुणीतरी धावून येतं. पण मित्राचं इन्शुलिन रात्रीत खराब झालं, तर ते जंप केबलने परत येत नाही. तेव्हा पुढच्या ट्रिपच्या यादीत स्पीकरच्या वर एक मल्टिमीटर आणि एक थर्मामीटर लिहा. आणि रात्री झोपण्याआधी तीन आकडे कोण बघणार, हे निघण्याआधीच ठरवा.