वेग किलोवर मिळतो

ओरत्तनाडूला समुद्र नाही. नारळाच्या बागा, भातखाचरं आणि तंजावरच्या दुसऱ्या सरफोजीराजांनी आपल्या प्रिय मुक्तांबाळच्या नावानं बांधलेलं छत्रम. रामेश्वराला निघालेल्या यात्रेकरूंना इथं जेवण मिळे. पट्टुकोट्टैवरून पुढं गेलं की मल्लिपट्टिणम लागतं आणि पाल्कच्या उपसागराचं उथळ, गढूळ पाणी दिसतं. त्याच काठावर राजांचा मनोरा आहे, 1814-15चा, नेपोलियन हरल्याच्या आनंदात बांधलेला. दुसऱ्याच्या लढाईची एवढी हौस मला जरा गमतीशीर वाटते. पण याच ठिकाणी त्यांनी जहाजं बांधायचा कारखानाही काढला होता, तो मनोऱ्यापेक्षा जास्त कौतुकाचा.

आता होड्या बांधतात त्या पत्र्याच्या शेडमध्ये. पाऊल टाकण्याआधी रेझिनचा वास येतो. साच्याला मेण चोळलेलं, त्यावर जेलकोट, त्यावर काचेची मॅट. मेस्त्री प्लॅस्टिकच्या बादलीत रेझिन घेतो, हार्डनर ओततो, काठीनं ढवळतो आणि मग कुणी बोलत नाही. उन्हाळ्यात बादली हातातच घट्ट व्हायला वेळ लागत नाही. ब्रशनं रेझिन मारायचं, रोलर फिरवायचा, पांढरी मॅट पारदर्शक झाली की हवा निघाली. कुठे पांढरा ठिपका राहिला की पोरगा पुन्हा रेझिन ओततो. ठिपका जातो, वजन राहतं.

वेगवान दोन अंगांच्या होडीचा, म्हणजे कॅटमरानचा, सगळा हिशेब त्या जास्तीच्या रेझिनमध्ये आहे. हातानं मारलेल्या मॅटमध्ये एक किलो काचेला दोन किलो किंवा जास्तच रेझिन जातं. व्हॅक्यूम लावून, म्हणजे कोरडं कापड साच्यात अंथरून, वर प्लॅस्टिकचा पडदा चिकटवून, पंपानं हवा ओढून रेझिन आत खेचलं, तर तेवढ्याच काचेला अर्ध्या किलोच्या आसपास पुरतं. 300 किलो काच लागणाऱ्या होडीत फरक साडेचारशे किलोंचा. रेझिन वाचलं म्हणून होडी स्वस्त होईल असं वाटेल, पण होत नाही. पडदा, जाळी, चिकटपट्टी, नळ्या हे सगळं एकदा वापरून फेकायचं असतं, आणि कुठे हवा शिरली तर साच्यातलं अख्खं अंग वाया. जे होडीत राहत नाही त्याचेच पैसे जास्त.

एवढा जीव वजनासाठी का टाकायचा? 8 मीटरची साधी रुंद होडी सात नॉटपर्यंत सुखानं जाते. पुढं ती स्वतःच उठवलेल्या लाटेच्या चढावर अडकते आणि मोटर नुसती तेल पिते. अंग लांबीच्या मानानं फार अरुंद केलं, दहास एक असं, तर ती लाट फारशी उठतच नाही. पण अरुंद होडी उलटते, म्हणून दोन अरुंद अंगं लांब ठेवून वरून जोडायची. इथंच किंमत मोजावी लागते. 8 मीटर लांब आणि 60 सेंटिमीटर रुंद अशा दोन अंगांवर 500 किलो टाकले तर होडी साधारण साडेसात सेंटिमीटर बसते. दोन-सव्वादोन मीटर रुंदीच्या एका अंगाची चारच. साडेसात सेंटिमीटर म्हणजे फार नाही असं वाटतं, पण दोन अंगांमधला मधला मजला तेवढाच पाण्याजवळ येतो, लाट खालून थपडा मारू लागते आणि तांडेल आपोआप वेग कमी करतो. हळू चालवायची असेल तर दोन अंगं हा तोटाच आहे: पाण्याला घासणारा पृष्ठभाग जास्त.

कोरोमंडलच्या कट्टुमरमवाल्यांना वजनाचं हे गणित ठाऊक होतं. कट्टुमरम दोन अंगांचं नव्हतंच, हलक्या लाकडाचे ओंडके दोरीनं बांधलेले. पण परत आल्यावर दोऱ्या सोडून ओंडके वाळूवर वाळत घालायचे, कारण पाणी प्यालेलं लाकूड जड होतं.

दुसऱ्या टोकाला शर्यतीच्या होड्या. 2018च्या नोव्हेंबरात अमरावतीजवळ कृष्णेत फॉर्म्युला वनच्या होड्या धावल्या. सहा मीटर लांब, इंजिनासकट सुमारे 400 किलो, ताशी 200 किलोमीटरच्या वर. त्या वेगाला पाण्यापेक्षा हवा महत्त्वाची. दोन अंगांमधल्या बोगद्यात कोंडलेली हवा होडी उचलून धरते. नाक जरा जास्त उचललं की तीच हवा होडी उलटी फेकते. शर्यतीचा तो शुक्रवार-शनिवार-रविवार सुरू झाला त्याच 16 नोव्हेंबरच्या पहाटे गज वादळ इकडे पाल्कच्या किनाऱ्यावर आदळलं. मल्लिपट्टिणमच्या होड्या एकमेकींवर चढून फुटल्या, ओरत्तनाडूचे नारळ आडवे झाले.

खुल्या समुद्रात दोन अंगं नेहमी जिंकतात असंही नाही. 1985 साली अटलांटिक ओलांडायचा विक्रम मोडायला निघालेली व्हर्जिन अटलांटिक चॅलेंजर दोन अंगांची होती. शेवट जवळ आला असताना तरंगत्या कशाला तरी आपटून बुडाली. पुढच्या वर्षी यशस्वी झालेली होडी एकाच अंगाची, सॉनी लेव्हींनी आखलेली. लेव्ही कराचीत जन्मलेले, मुंबईत वडिलांच्या होडी कारखान्यात काम केलेले. 1990 मध्ये मात्र 74 मीटरच्या दोन अंगांच्या हॉवरस्पीड ग्रेट ब्रिटननं 36.6 नॉटच्या सरासरीनं अटलांटिक ओलांडून त्या वेगासाठीचा हेल्स चषक नेला. लांबी मोठी आणि वाहून न्यायची गोष्ट माणसं असली की हा प्रकार फायद्याचा. कोचीची वॉटर मेट्रो दोन अंगांच्या ॲल्युमिनियमच्या होड्यांवर चालते ती म्हणूनच.

मासेमारीचं उलट. जाताना होडी रिकामी, येताना बर्फ आणि मासळी. म्हणजे वजन कमी राखण्यात घातलेले सगळे पैसे अर्ध्याच वाटेवर कामाला येणार. त्यात पाल्कचं पाणी उथळ, तळाला समुद्रगवत. त्यावर जगणाऱ्या डुगाँग या समुद्रगायींसाठी 2022 मध्ये तंजावर-पुदुकोट्टै किनाऱ्यालगत 448 चौरस किलोमीटर राखीव झाले. तिथं वीस-पंचवीस नॉटनं पंखा फिरवणं मला पटत नाही.

तरी मेस्त्रीला विचारलं, दोन अंगांची बांधाल का. त्यानं नकार दिला नाही. साचा डावा-उजवा एकच केला तर खर्च आवाक्यात येईल, म्हणाला. फोमचे पत्रे बाहेरून मागवावे लागतील. व्हॅक्यूम पंप भाड्यानं मिळेल. मग हिशेब करणारी बोटं थांबली. दोन अंगं म्हणजे दोन मोटरी, दोन टाक्या, दोन गिअर, आणि बिघडल्या तर दोन्हीकडचे सुटे भाग. होडीचं अंग बांधायला लागेल त्यापेक्षा मोटरींचा आकडा मोठा निघाला. मधोमध एकच मोटर टांगायची असेल तर आराखडा घेऊन या, असं सांगून तो बादलीकडे वळला.