दगडाचं सूत

पोरांनो, दगडातून सूत निघतं म्हटलं तर पटेल का तुम्हाला? आपल्या सातपुड्याचा काळा दगड कितीही फोडा, त्यात ते सापडायचं नाही. तो लाव्हा थिजून झालेला. पण राजस्थानात, आंध्रात कडप्याकडे निराळे खडक आहेत. जमिनीच्या पोटातलं गरम पाणी त्यांच्या भेगांत मुरलं आणि तिथं रेशमासारखे तंतू वाढले. तेच अ‍ॅस्बेस्टॉस. नखानं सोलत जा, तंतूतून तंतू सुटत जातो, पार केसाच्या हजाराव्या भागाहून बारीक होईपर्यंत.

आग त्याला जाळू शकत नाही. बेंजामिन फ्रँकलिननं 1725 मध्ये लंडनला या तंतूंची एक थैली विकली, ती आजही तिथल्या संग्रहालयात आहे. पुढं बॉयलरची वेष्टनं, गाड्यांचे ब्रेक यांत ते गेलं. 1900 च्या सुमारास ऑस्ट्रियाच्या लुडविग हाचेकनं ते सिमेंटमध्ये कालवलं आणि त्यातूनच पुढं सिमेंटचा नागमोडी पत्रा जन्मला. आपल्याकडं कुडाच्या भिंतींवरही तो चढला. स्वस्त, गंजत नाही, शिवाय दरवर्षीची शाकारणी टळली. गरिबानं तो घेतला यात त्याचा काय दोष!

खोट आहे ती धुळीत. पत्रा कापला, भोक पाडलं, फोडला की तंतू हवेत उडतात. डोळ्यांना दिसत नाहीत, वासही येत नाही. श्वासाबरोबर ते फुप्फुसात रुततात. शरीराच्या राखणदार पेशी त्यांना गिळू पाहतात, पण एवढा लांब तंतू गिळवत नाही. पेशीच मरते, आणि वर्षानुवर्षं तिथं व्रण साठत जातात. दम लागतो. वीस-चाळीस वर्षांनी कर्करोगही होतो. विडी ओढणाऱ्याला फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका कितीतरी पटींनी जास्त.

इंग्लंडातल्या रॉचडेलला नेली केरशॉ हे सूत कातायची. 1924 मध्ये, अवघ्या 33 व्या वर्षी ती याच धुळीपायी गेली. साठाहून अधिक देशांनी आता यावर बंदी घातली आहे. आपल्याकडं सर्वोच्च न्यायालयानं 1995 मध्ये कामगारांच्या संरक्षणाचे आदेश दिले, पण पत्रे अजून विकले जातात. माझ्या मते तेही थांबायला हवं.

छपरावरच्या धड पत्र्याला घाबरू नका. उतरवायचाच झाला तर मोठ्यांना सांगा: आधी पाण्यानं भिजवा, अखंड खाली घ्या, तुकडे कुटून अंगणात भर घालू नका. आणि ते काम चालू असताना तुम्ही तिथं फिरकू नका.