श्वसनीय की फुप्फुसगामी? : कोळसा खाणीतील सिलिका-धुळीचे मापन व त्याची परिभाषा

भाषाविज्ञानाच्या अध्यापकाने कोळशाच्या खाणीतील धुळीविषयी लिहावे, हे काहीसे अनधिकारपणाचे वाटेल. परंतु या विषयातील दोन संज्ञा मराठीत येताना भलताच अर्थ सुचवितात. आणि सूचनाफलकावर त्या वाचणाऱ्या मजुराच्या फुप्फुसांशी त्यांचा साक्षात संबंध आहे. म्हणून हा उद्योग.

पहिली संज्ञा ‘मुक्त सिलिका’. आमच्या जालना जिल्ह्यात कोळसा नाही. येथील भूमी काळ्या पाषाणाची, म्हणजे बेसाल्टची. कोळशाचे थर पूर्वेकडे वर्धा नदीच्या खोऱ्यात, वणी-चंद्रपूर भागात, बराकर शैलसमूहात आहेत व त्यांच्यावर कामठी वालुकाश्म पसरलेला आहे. बेसाल्टचे रासायनिक पृथक्करण केले तर त्यात वजनाने सुमारे निम्मी सिलिका निघते. मात्र ती बहुतांशी फेल्डस्पार, पायरॉक्सीन इत्यादी खनिजांत इतर मूलद्रव्यांशी बद्ध असते. वालुकाश्मात ती क्वार्ट्झच्या कणांच्या रूपाने स्वतंत्र असते. हीच मुक्त सिलिका, आणि सिलिकोसिस हा असाध्य विकार उत्पन्न करते ती हीच. ‘मुक्त’ म्हणजे हवेत मोकळी तरंगणारी नव्हे. (यावरून खडीच्या कारखान्यातील धूळ निरुपद्रवी, असा निष्कर्ष मात्र कोणी काढू नये.) कोळशात क्वार्ट्झ सामान्यतः थोडेच असते. छिद्रणयंत्र छताच्या अथवा तळाच्या खडकात शिरते, किंवा उघड्या खाणीत कोळशावरील खडक फोडून काढला जातो, तेव्हा धुळीतील त्याचे प्रमाण एकदम वाढते.

दुसरी संज्ञा अधिक घातक आहे. डोळ्यांना दिसणारी धूळ बहुतेक नाकाघशातच अडते. फुप्फुसांच्या वायुकोशांपर्यंत पोहोचतात ते काही मायक्रॉन व्यासाचे कण. मनुष्याचा केस साधारणपणे ७० मायक्रॉन जाडीचा असतो, यावरून त्यांच्या सूक्ष्मतेची कल्पना यावी. १९५९ साली जोहान्सबर्ग येथील परिषदेने या अंशाची व्याख्या निश्चित केली : मापनयंत्राने ५ मायक्रॉनचे निम्मे कण आत घ्यावेत आणि ७.१ मायक्रॉनच्या पुढील एकही घेऊ नये. या अंशाला मराठीत ‘श्वसनीय’ किंवा ‘श्वसनयोग्य’ धूळ म्हणण्याचा प्रघात पडत आहे. परंतु ‘पिण्यायोग्य पाणी’, ‘राहण्यायोग्य घर’ असे बोलणाऱ्या माणसाला ‘श्वसनयोग्य धूळ’ म्हणजे श्वासावाटे घेण्यास हरकत नसलेली धूळ असेच वाटणार. ‘श्वसनीय’मधील ‘-नीय’ प्रत्ययही माननीय, पठनीय या शब्दांच्या संगतीने शिफारसच सुचवितो. ‘दंडनीय’चे उदाहरण कोणी पुढे करील, पण तेथे मूळ धातूच धाक घालतो. माझ्या मते ‘फुप्फुसगामी धूळ’ हा शब्द निःसंदिग्ध आहे आणि पुढे मी तोच वापरतो.

प्रत्यक्ष मापन असे होते. कामाच्या जागी पंपाने हवा ओढली जाते. एका प्रकारच्या यंत्रात ती आडव्या पट्ट्यांमधून संथपणे नेतात, म्हणजे जड कण खाली बसतात. दुसऱ्यात ती भोवऱ्यासारखी फिरवून जड कण वेगळे पाडतात. उरलेली धूळ फिल्टरवर साचते. समजा, मिनिटास २.५ लिटर या गतीने आठ तास हवा ओढली. ती १२०० लिटर, म्हणजे १.२ घनमीटर झाली. फिल्टरचे वजन २.४ मिलिग्रॅमने वाढले, तर फुप्फुसगामी धूळ घनमीटरला २ मिलिग्रॅम. पण एवढ्याने काहीच ठरत नाही. तो फिल्टर जाळून कोळसा नाहीसा करावयाचा आणि उरलेल्या राखेतील क्वार्ट्झ अवरक्त किरणांच्या शोषणावरून मोजावयाचे. येथे केओलिनाइट ही चिकणमाती त्याच पट्ट्यात शोषण दाखवून फसविते. तिची वजावट करावी लागते. क्ष-किरणांच्या विवर्तनाची पद्धतही प्रचलित आहे.

१९५७ च्या कोळसा खाण विनियमांखाली पुढे जे सूत्र रूढ झाले, ते असे : मुक्त सिलिका शेकडा ५ पर्यंत असेल तर मर्यादा ३ मिलिग्रॅम, अधिक असेल तर १५ ला त्या टक्केवारीने भागावे. आमच्या उदाहरणात क्वार्ट्झ शेकडा ४ निघाले तर २ मिलिग्रॅम धूळ नियमात बसते. शेकडा १२ निघाले तर मर्यादा १.२५ वर येते आणि तीच २ मिलिग्रॅम नियमबाह्य ठरते. तराजूवरचा आकडा दोन्ही ठिकाणी एकच!

या सूत्राचे व्याकरण पाहण्याजोगे आहे. त्यात धूळ हे विशेष्य असून सिलिका केवळ तिचे विशेषण आहे. गुणाकार करून पाहिल्यास सूत्र सिलिकेला ०.१५ मिलिग्रॅमपर्यंत वाव देते असे आढळते. पण तो आकडा सूत्रात कोठेही उच्चारलेला नाही. अमेरिकेतही कोळसा खाणींसाठी अशाच भागाकाराचे सूत्र होते. तेथे २०२४ साली जाहीर झालेल्या नियमाने सिलिकेलाच विशेष्य केले व तिची मर्यादा ०.०५ मिलिग्रॅम ठरविली. कोळसा खाणींतील त्याची अंमलबजावणी मात्र २०२५ मध्ये लांबणीवर पडली.

जालन्यास या गोष्टी परक्या नाहीत. येथील पोलाद कारखान्यांत इंडक्शन भट्ट्या आहेत. अशा भट्ट्यांना आतून सामान्यतः ‘रॅमिंग मास’चे, म्हणजे जवळजवळ शुद्ध क्वार्ट्झच्या भुकटीचे, अस्तर देतात. उष्णतेने त्याचा काही भाग क्रिस्टोबलाइट या मुक्त सिलिकेच्याच दुसऱ्या रूपात पालटतो. झिजलेले अस्तर फोडण्याचे काम थोड्या वेळाचे असते. आठ तासांच्या सरासरीत ती वेळ विरून जाते. म्हणून अस्तर फोडणाऱ्या माणसाच्या श्वासाजवळ, त्या कामापुरता, स्वतंत्र फिल्टर लावून मापन केले पाहिजे.