मेंदूचे पाटपाणी

जुन्नर-आंबेगावकडेच नव्हे, तर साऱ्या ग्रामीण महाराष्ट्रात पक्षाघाताला ‘अंगावरून वारं गेलं’ असे म्हणतात. आयुर्वेदातील वातदोषाच्या कल्पनेशी नाते सांगणारा हा वाक्प्रचार त्या आघाताचा आकस्मिकपणा अचूक पकडतो. कारण मात्र चुकीचे सांगतो. बहुतेक वेळा मेंदूला रक्त नेणारी एखादी रोहिणी, म्हणजे हृदयाकडून शुद्ध रक्त आणणारी वाहिनी, गुठळीने बंद पडलेली असते, आणि थोड्या वेळा ती फुटलेली असते. वाऱ्याचा येथे काही संबंध नाही. प्रश्न सगळा पुरवठ्याचा आहे.

प्रौढ माणसाच्या मेंदूचे वजन सुमारे 1,400 ग्रॅम, म्हणजे शरीराच्या जेमतेम दोन टक्के, भरते. परंतु हृदयातून दर मिनिटाला बाहेर पडणाऱ्या रक्तापैकी सुमारे 15 टक्के, म्हणजे पाऊण लिटर रक्त, एवढ्याशा अवयवाकडे जाते आणि शरीराला लागणाऱ्या प्राणवायूचा पाचवा हिस्सा तेथे खर्ची पडतो. या पुरवठ्याला कुकडी प्रकल्पाची उपमा सहज सुचते, कारण जुन्नरमधील येडगाव, माणिकडोह, वडज व पिंपळगाव जोगे आणि आंबेगावमधील डिंभे ही धरणे एकाच योजनेत गुंफलेली आहेत, आणि घोड नदीचे पाणी डिंभ्याच्या डाव्या कालव्याने कुकडीवरच्या येडगावात आणून सोडले जाते. मात्र ही उपमा अर्धीच लागू पडते. धरणात पावसाळ्याचे पाणी उन्हाळ्यासाठी राखता येते आणि आवर्तन लांबले तरी पीक काही दिवस तग धरते. मेंदूजवळ धरण नाही. प्राणवायूचा साठा तो जवळजवळ करीत नाही आणि साखरेचा अगदी नाममात्र करतो, त्यामुळे रक्त पूर्ण थांबल्यास सुमारे दहा सेकंदांत शुद्ध हरपते आणि चार-पाच मिनिटांत कायमची हानी सुरू होते.

म्हणूनच या अवयवाला एक नव्हे, चार मुख्य वाहिन्या मिळाल्या आहेत. गळ्याच्या दोन्ही बाजूंना बोटांना लागणाऱ्या ग्रीवा रोहिण्यांच्या आतल्या शाखा कवटीत शिरून मेंदूचा पुढचा व मधला बहुतेक भाग पोसतात. मागच्या बाजूने दोन कशेरुका रोहिण्या मानेच्या वरच्या सहा मणक्यांच्या छिद्रांतून वर चढतात, कवटीत गेल्यावर एकमेकींना मिळतात आणि त्यांची एकच तल-रोहिणी होते. रोहिण्यांनी फाटे फोडायचे असतात. नद्यांसारखा संगम करणे हा त्यांचा स्वभाव नव्हे, म्हणून ही जोडणी विशेष म्हणावी लागते. ही मागची तल-रोहिणी आणि पुढच्या दोन ग्रीवा रोहिण्या मेंदूच्या तळाशी बारीक संयोजी रोहिण्यांनी जोडल्या जाऊन एक कडे तयार होते, ज्यामुळे एक वाट हळूहळू अरुंद झाली तरी दुसरीकडून रक्त वळवता येते.

इंग्रज वैद्य थॉमस विलिस याने 1664 मध्ये आपल्या ग्रंथात या कड्याचे कार्य उलगडून दाखवले आणि ते आजही त्याच्या नावाने ओळखले जाते. त्या ग्रंथातील चित्रांमध्ये पुढे वास्तुशिल्पी म्हणून गाजलेल्या क्रिस्टोफर रेनचा हात होता. त्यानंतर अवघ्या अकरा वर्षांनी, 1675 मध्ये, ईस्ट इंडिया कंपनीचा वैद्य जॉन फ्रायर घाट चढून मोगलांच्या ताब्यातील जुन्नरला आला, कारण तेथील सुभेदाराच्या घरातील एका स्त्रीवर उपचार करायचे होते. नाडी पडद्याआडून पाहायची होती, आणि या परक्या वैद्याची पारख करण्यासाठी आधी एका धडधाकट दासीचा हात पुढे करण्यात आला. ती नाडी निरोगी असल्याचे त्याने ओळखले, तेव्हा खऱ्या रुग्णाचा हात त्याच्या हाती आला. मनगटाच्या नाडीवरून मेंदूतील रोहिण्यांविषयी फारसे कळत नाही हे खरे, पण ती अगदी निरर्थकही नाही: हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन न पावता थरथरू लागले की नाडीचा ताल बिघडतो, त्या कप्प्यांत साचलेले रक्त गोठते आणि तेथून सुटलेली गुठळी मेंदूकडे जाऊ शकते.

विलिसच्या कड्याबद्दल एक गैरसमज असा की ते प्रत्येकात पाठ्यपुस्तकातल्यासारखे पूर्ण असते. प्रत्यक्षात तसे ते निम्म्याहून कमी माणसांत आढळते. कोणाची संयोजी रोहिणी धाग्यासारखी असते, कोणात ती नसतेच. शिवाय कड्याच्या पुढे गेल्यावर प्रत्येक शाखेचे लाभक्षेत्र जवळजवळ ठरलेले असते. अग्र शाखेवर पायांची हालचाल अवलंबून असते, मध्य शाखेवर चेहरा, हात आणि बहुतेकांच्या बाबतीत डाव्या बाजूने वाचा, तर पश्च शाखेवर दृष्टी. म्हणून तोंड वाकडे झाले, हात लुळा पडला आणि शब्द फुटेना, तर कोणती चारी बुजली हे जाणकार डॉक्टर तपासणीआधीच ताडतो. दोन लाभक्षेत्रांच्या सीमेवरचा पट्टा कालव्याच्या शेपटाकडच्या शिवारासारखा असतो: एकूण रक्तदाब फार खाली गेला की पहिली झळ त्याला लागते.

वाहिनी बंद पडल्यावर तिच्या लाभक्षेत्राच्या मध्यभागातील पेशी लवकर मरतात, पण भोवतीच्या पट्ट्यातील पेशींचे काम थांबलेले असले तरी त्या शेजारून झिरपणाऱ्या रक्तावर काही तास जिवंत राहतात. सारे उपचार या पट्ट्यासाठी असतात. गुठळी विरघळवणारे औषध साधारणपणे पहिल्या साडेचार तासांत द्यावे लागते, आणि तेही सीटी स्कॅनने रक्तस्राव नसल्याची खात्री करून, कारण वाहिनी फुटलेली असताना तेच औषध घातक ठरते. मोठ्या वाहिनीतील गुठळी नळी घालून काढण्याची सोय मोठ्या शहरांतील निवडक रुग्णालयांतच असते. मंचरहून पुणे सुमारे 60 किलोमीटर आहे, जुन्नरहून सुमारे 90, आणि भीमाशंकरच्या किंवा नाणेघाटाच्या बाजूच्या वाड्या-वस्त्यांना आधी तालुक्याच्या रस्त्यापर्यंत घाट उतरावा लागतो. साडेचार तास या अंतरातच संपू शकतात. तेव्हा कोणाच्या अंगावरून ‘वारं गेलं’ असे वाटताच तेल चोळत बसू नये, तोंडाने औषध-पाणी देऊ नये. माणूस शेवटचा धडधाकट कधी दिसला ती वेळ लिहून ठेवावी, 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि सीटी स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयाचीच वाट धरावी.