नाथसागर आटतो तेव्हा

पैठणच्या जायकवाडी धरणाची पायाभरणी 18 ऑक्टोबर 1965 रोजी लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते झाली आणि 24 फेब्रुवारी 1976 रोजी इंदिरा गांधींनी त्याचं लोकार्पण केलं. तेव्हापासून या धरणाच्या जलाशयाचा, म्हणजे नाथसागराचा हिशेब आपण टक्क्यांत मांडत आलो आहोत. जुलै-ऑगस्टात छत्रपती संभाजीनगरात कुठेही चार माणसं जमली की विषय निघतोच, ‘जायकवाडी किती टक्क्यांवर आलं?’ शहराचं पिण्याचं पाणी, वाळूज-चिकलठाण्याचे कारखाने, डावा आणि उजवा कालवा सगळं त्यावरच चालतं. तेव्हा प्रश्न रास्तच आहे. पण याच वर्षांत या पाण्याच्या काठाने आणखी एक गोष्ट घडत गेली. दुष्काळ आणि पूर यांच्या तडाख्यांतून इथलं जीवन कितीदा तरी मोडलं, पुन्हा उभं राहिलं आणि प्रत्येक वेळी थोडं वेगळं उभं राहिलं. तिच्याकडे मात्र आपलं फारसं लक्ष गेलं नाही.

नाथसागर खोल नाही, पसरट आहे. लांबी पन्नास किलोमीटरांहून जास्त, एकूण साठा 2,909 दलघमी (दशलक्ष घनमीटर) आणि त्यातला 738 दलघमी मृतसाठा. सपाट काळ्या जमिनीवर पसरलेल्या अशा पाण्याची पातळी फूटभर उतरली, तरी काठ कितीतरी मागे सरकतो. धरण बांधणाऱ्यांच्या दृष्टीने हा दोषच, कारण उन्हाळ्यात बाष्पीभवन अफाट होतं. पाणपक्ष्यांना मात्र हाच उथळपणा मानवला. पाण्याखाली हायड्रिला, व्हॅलिस्नेरिया, पोटॅमोजेटॉन, कारा या वनस्पती वाढल्या, बुडालेल्या टेकाडांची बेटं झाली, आणि पाणी साठल्यापासून दहाच वर्षांत, 1986 साली, सरकारला जलाशय पक्षी अभयारण्य म्हणून जाहीर करावा लागला. कुणी झाडं लावली नव्हती की पक्षी आणून सोडले नव्हते. हे सगळं आपलं आपण झालं.

खरी परीक्षा पुढे झाली. 2008 नंतर धरणाचे दरवाजे उघडायला 2017 साल उजाडावं लागलं. या नऊ वर्षांत 2012-13 चा दुष्काळ येऊन गेला, मग 2014 आणि 2015 असे लागोपाठ दोन पावसाळे दगा देऊन गेले. 2016 च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं, तेव्हा जायकवाडीतही उपयुक्त साठा उरला नव्हता. 2019 च्या उन्हाळ्यात पुन्हा तेच. जुन्या गावांची जोती उघडी पडली, भेगाळलेल्या गाळाची छायाचित्रं वर्तमानपत्रांत आली, आणि नाथसागर मेला असंच सगळ्यांना वाटलं.

पण पाणी उतरतं तेव्हा काठावर नेमकं काय होतं, हे टप्प्याटप्प्याने पाहण्यासारखं आहे. आधी चिखल उघडा पडतो. त्यातल्या किड्या-अळ्यांवर तुतवार, शेकाटे, मोर शराटी तुटून पडतात. पाणी पुरेसं उथळ झालं की रोहित पक्षी उतरतात. काठोकाठ भरलेल्या वर्षी त्यांना पाय टेकवायला जागा कमी असते, म्हणून दुष्काळी सालात ते जास्त ठिकाणी दिसले तर नवल नाही. चिखल सुकू लागला की त्यावर गवत येतं आणि गाळपेराचा, म्हणजे उघड्या पडलेल्या गाळात पेरलेला हरभरा, ज्वारी, गहूही. पट्टकादंब आणि करकोचे त्या हिरव्यावर चरतात. एकेक पाहुणा आपापल्या पातळीची वाट पाहत असतो. बदकांची गोष्ट उलटी, त्यांना पाणवनस्पती लागतात. पाणी गेलं की तलवार बदक आणि थापट्या दुसरीकडे निघून जातात.

मधल्या काळात गाळही काम करत असतो. पाण्याखाली हवेविना साठलेले जैविक अवशेष हवा लागताच कुजतात, नत्र-स्फुरद मोकळं होतं. सूक्ष्म जलचरांची टणक कवचाची अंडी, पाणवनस्पतींची बीजं आणि कंद कोरड्या गाळात दडून राहतात. 2019 च्या ऑगस्टमध्ये मराठवाड्यावर ढग रुसलेले असताना नाशिककडच्या पावसावर धरण काही आठवड्यांत भरत आलं. असं पाणी सुकलेल्या गाळावर चढलं की दडलेलं सगळं एकदम जागं होतं. आधी शेवाळ आणि सूक्ष्म जीव, त्यांच्यावर माशांची पिल्लं, त्यांच्यावर पाणकावळे आणि बगळे. आटून भरलेला उथळ जलाशय पुढचं वर्ष-दोन वर्षं कायम भरलेल्या जलाशयापेक्षा जास्त फळतो, हे जगभर दिसून आलं आहे. ऑस्ट्रेलियातलं एअर सरोवर वर्षानुवर्षं मिठाचं कोरडं मैदान असतं. 1974 साली ते विसाव्या शतकात कधी नव्हे इतकं भरलं. तिथे पाणी आलं की शेकडो किलोमीटरवरून पाणकोळी घरटी करायला येतात.

मासे मात्र इतक्या सहज परतत नाहीत. रोहू, कटला, मृगळ यांना अंडी घालायला पुराचं वाहतं पाणी लागतं. साचलेल्या पाण्यात ती घालत नाहीत. चिलापीला अशी कुठलीच अट नाही. उथळ, कोमट पाण्यात ती वर्षातून कितीदाही विते आणि पिल्लं तोंडात धरून सांभाळते. म्हणजे दुष्काळानंतर शर्यत सुरू होते, तेव्हा बाहेरून आलेली चिलापी आधीच पुढे असते. धरण पुन्हा शंभर टक्के भरलं, तरी पाण्याखाली पूर्वीचाच नाथसागर परतला असं म्हणता येत नाही, ते यामुळे.

पुराचा तडाखा निराळा. ऑगस्ट 2006 मध्ये सुमारे अडीच लाख क्युसेकचा विसर्ग झाला आणि पैठण शहरात पाणी शिरलं. सप्टेंबर 2025 मध्ये सत्तावीसही दरवाजे उघडून पुन्हा दोन लाख क्युसेकच्या पुढे पाणी सोडावं लागलं. लोकांचे संसार वाहून गेले, ते दुःख कुठल्याही हिशेबात भरून निघणारं नाही. नदीच्या बाजूने बघितलं, तर असा लोंढा जलपर्णीचे थर ओढून नेतो, तळ खरवडतो, माशांना अंडी घालायची वेळ झाल्याचं कळवतो. अडचण अशी की गंगापूर, दारणा, भंडारदरा, मुळा ही वरची धरणं आधी भरतात. लहान-मध्यम पूर तिथेच अडतात आणि खाली पोचतो तो एक तर थेंब, नाही तर लोंढा. दुष्काळ आणि अतिवृष्टी आभाळातून येतात हे खरं, पण त्यांचे काठ आपण जास्त धारदार केले आहेत.

सावरण्याचा वेग शेवटी मागे काय उरलं यावर ठरतो. हे समजून घ्यायला कन्नडला जावं. ऑगस्ट 2021 च्या अखेरीस अतिवृष्टीने औट्रम घाटात दरडी कोसळल्या. गौताळा अभयारण्याच्या याच डोंगररांगेत त्या वर्षी मार्चमध्ये टिपेश्वरहून चालत आलेला वाघ कॅमेऱ्यात दिसला होता, कित्येक दशकांनी. म्हणजे जंगल अजून तगून आहे. पण जिथे उतारावरची माती निसटली, तिथे मातीबरोबर बीजही गेलं. आधी गवत, मग तरवडासारखी झुडपं, मग कुठे झाडं, असा तो अनेक दशकांचा रस्ता आहे. नाथसागराला दोन पावसाळे पुरतात, कारण त्याची बीजपेढी गाळातच राहते.

म्हणूनच गाळपेराकडे मला काळजीने पाहावंसं वाटतं. धरणात जमीन गेलेल्या माणसाने उतरत्या पाण्यामागे चार दाणे पेरले, तर त्याला कुणी बोल लावू नये. पण नांगर पाण्याच्या अगदी कडेपर्यंत पोचला, पिकावरची औषधं त्याच गाळात मुरली आणि तेच पाणी पुन्हा चढून आपल्या नळाला आलं, तर नुकसान पक्ष्यांपुरतं राहत नाही. बेटांचंही तसंच. नदी सुरय मार्च ते मे या काळात उघड्या बेटांवर जमिनीवरच अंडी घालतात. पाणी उतरून बेट काठाला जोडलं गेलं की कुत्री आणि कोल्हे चालत पोचतात.

आता जलाशयावर तरंगता सौर प्रकल्प येऊ घातला आहे. त्याविरुद्ध कहार समाजाच्या संघटनेने केलेलं अपील सर्वोच्च न्यायालयाने मे 2025 मध्ये फेटाळलं. वीज हवीच. पण ज्या पाण्याचा काठ दर वर्षी काही किलोमीटर मागे-पुढे होतो, तिथे पाणी मृतसाठ्यात जाईल त्या उन्हाळ्यात ही पॅनेल नेमकी कुठे तरंगणार आणि उरलेल्या उथळ पट्ट्यातलं काय झाकणार, याचं उत्तर प्रकल्प उभा राहण्याआधी लोकांसमोर यायला हवं.

वरच्या धरणांतून पाणी कधी सोडायचं, याचं सूत्र आपण भांडून-झगडून मिळवलं. 15 ऑक्टोबरला जायकवाडी 65 टक्क्यांच्या खाली असेल, तर खाली पाणी द्यावं लागतं. काठासाठीही असाच एखादा साधा नियम होऊ शकतो. पाण्यालगतचा एक पट्टा बिननांगरलेला ठेवावा आणि विणीच्या तीन महिन्यांत बेटांवर पाय ठेवू नये. वन विभाग, पाटबंधारे खातं, मच्छीमार आणि गाळपेर करणारे शेतकरी एकत्र बसले, तर येत्या उन्हाळ्यापासून तो पाळता येईल.