मळणीच्या बैलाचा अर्थ

मळणीयंत्र येण्याआधीचं खळं ज्यांनी मानवतच्या शिवारात पाहिलंय, त्यांना तिवड्याभोवती फिरणारी बैलांची पात आठवत असेल. बैलांनी कणसांना तोंड लावू नये म्हणून त्यांना मुसकं घालत. ज्यूंच्या धर्मशास्त्रातल्या ‘अनुवाद’ या ग्रंथात नेमकं हेच मना केलं आहे. मळणीच्या बैलाचं तोंड बांधायचं नाही.

इ. स. ५५ च्या सुमारास येशूचा प्रेषित पौल याने करिंथच्या ख्रिस्ती मंडळीला पत्र लिहिलं आणि या बैलाला नवा अर्थ दिला. देवाने हे काय फक्त बैलांसाठी सांगितलं, असं विचारून त्याने तोच नियम धर्मप्रचारकांना लावला. राबणाऱ्याला त्या राशीतला घास मिळायला हवा. हा हक्क पौलाने स्वतः मात्र घेतला नाही.

सुरुवातीचे ख्रिस्ती शास्त्र वाचत ते असं. नवा करार अजून एकत्र बांधला गेला नव्हता. त्यांचं शास्त्र म्हणजे ज्यूंचे जुने ग्रंथ, तेही बहुतेकांसाठी ग्रीक भाषांतरात. त्या ग्रंथांत ते येशूच्या खुणा शोधत. तीन दिवस माशाच्या पोटात राहून बाहेर आलेला योना ही पुनरुत्थानाची खूण. मोशेने खांबावर उंच केलेला पितळी साप ही क्रुसाची.

वाचन म्हणजे बहुतेकांसाठी श्रवणच होतं. दुसऱ्या शतकाच्या मध्यावर रोममधल्या जस्टिनने रविवारच्या सभेचं वर्णन लिहून ठेवलंय. वेळ असेल तोवर वाचन, मग प्रमुखाचं निरूपण. कीर्तनाला बसलेल्या मराठी माणसाला ही बैठक परकी वाटणार नाही.

पण अर्थ किती ताणायचा? मार्शन नावाच्या ख्रिस्ती शिक्षकाने तर ज्यू ग्रंथच नाकारले, आणि १४४ च्या सुमारास रोमच्या मंडळीशी त्याची फारकत झाली. तिसऱ्या शतकात ओरिजेनने चांगल्या शोमरोन्याच्या गोष्टीचा एकेक धागा उलगडला. लुटला गेलेला वाटसरू म्हणजे आदाम, यरीहो म्हणजे जग, शोमरोनी म्हणजे ख्रिस्त, उतारशाळा म्हणजे चर्च. अंत्युखियाच्या पंडितांना एवढी रूपकं मानवत नसत. त्यांच्यातल्या थिओडोरचा आग्रह होता की शास्त्रातला इतिहास आधी इतिहास म्हणून वाचावा.

जुन्या ग्रंथांत येशू शोधण्याची ही रीत पुढे ओवीचं रूप घेऊन मराठीत आली. इंग्लंडमध्ये जन्मलेले जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात उतरले. त्यांचं ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये रायतूरला छापलं गेलं, तेही रोमन लिपीत. ओव्या जवळपास अकरा हजार. ‘पहिले पुराण’ जगाच्या उत्पत्तीपासूनची जुनी कथा सांगतं, ‘दुसरे पुराण’ येशूचं चरित्र. जुन्यात दिलेल्या वचनाची पूर्तता नव्यात, असा सगळा बांधा. तो पौलाच्या वाचनाचाच वारसा.

स्टीफन्सनी या पुराणात श्रोत्यांनाही जागा दिली. पाद्री कथा सांगतो आणि समोर बसलेली माणसं मध्येच शंका विचारतात. उत्तर मिळालं की कथा पुढे सरकते.