खडकाळ वाटेवरील पिकअप मोटार

अमेरिकेंतील यूटा राज्याच्या पूर्वभागीं, कोलोरॅडो नदीच्या कांठीं मोआब नांवाचें गांव आहे. १९५० नंतरच्या दशकांत युरेनियमच्या शोधार्थ हिंडणाऱ्या लोकांनीं तेथील तांबड्या वालुकाखडकांतून ज्या वाटा पाडल्या, त्यांवर आज हौशी मंडळी मोटारी चालवितात. पुढें बसावयाची खोली व मागें उघडा हौदा असलेल्या पिकअप मोटारी त्यांत पुष्कळ. टोयोटा कंपनीची १९९५ सालीं निघालेली टॅकोमा त्यांपैकींच एक.

अशी गाडी घेणारा मनुष्य बहुधा प्रथम तिची उंची वाढवावयास धांवतो. गाडी रुबाबदार दिसते खरी; परंतु स्प्रिंगा बदलून उंचावतो तो केवळ वरचा सांगाडा. मागच्या अखंड आंसाच्या मध्यभागीं असलेला दंतचक्रांचा गोळा जमिनीपासून होता तेवढ्याच उंचीवर राहतो, आणि दगडावर आपटतो तो तोच! तो वर उचलावयाचा तर टायरच मोठे घातले पाहिजेत. मोठ्या टायरांमुळें इंजिनावर व ब्रेकांवर भार वाढतो. वेग दाखविणारा कांटा खऱ्याहून कमी वेग दाखवूं लागतो. आणि गुरुत्वमध्य वर गेल्यामुळें आडव्या उतारावर गाडी कलंडण्याचें भय वाढतें. खालीं दरी असली म्हणजे हा हिशेब पैशांत होत नाहीं.

याहून महत्त्वाची वस्तु डोळ्यांना दिसतही नाहीं. वळणावर बाहेरच्या चाकास आंतील चाकापेक्षां अधिक अंतर तोडावें लागतें; म्हणून दोहोंस निरनिराळ्या गतीनें फिरूं देणारी डिफरेन्शियल नांवाची योजना आंसांत असते. सडकेवर ती उपकारक, खडकावर तीच वैरीण. एक चाक अधांतरीं लोंबकळलें कीं तें गरगर फिरतें, आणि जमिनीवरचें चाक मात्र जागचें हालत नाहीं. यास उपाय म्हणजे दोन्ही चाकें एकत्र जखडणारें कुलूप. टॅकोमाच्या कांहीं प्रकारांत तें कारखान्यांतूनच बसवून मिळतें. सडकेवर आल्याबरोबर तें सोडवावें, नाहींतर गाडी नीट वळत नाहीं.

सर्वांत गुणकारी सुधारणा तर जवळजवळ फुकटच: टायरांतील हवा कमी करणें. सडकेवर दर चौरस इंचास सुमारें ३५ पौंड असलेला दाब खडकावर १८-२० पौंडांपर्यंत उतरवितात. मऊ झालेला टायर दगडास कवटाळतो व त्याची पकड वाढते. मात्र परततांना हवा भरण्यास पंप जवळ हवाच. असा मऊ टायर वेगांत तापून फुटतो.

मोआबच्या वाटांलगतची काळसर, खरबरीत माती जिवंत असते. सूक्ष्म जीवाणू, शेवाळ व दगडफूल यांनीं विणलेली ती खपली चाकाखालीं चुरडली तर भरून येण्यास कित्येक दशकें लागतात. म्हणून वाट सोडण्यास तेथें मनाई आहे.

भारतांत टोयोटाची हायलक्स ही पिकअप २०२२ सालीं विक्रीस आली. तथापि कारखानदाराच्या मूळ तपशिलाशीं विसंगत असा बदल गाडींत करतां येत नाहीं, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें २०१९ सालींच दिलेला आहे. तेव्हां मोठे टायर मागविण्यापूर्वीं परिवहन कार्यालयांत चौकशी करणें इष्ट.